ओवीतील शुभवर्तमान : लक्ष्मीबाई टिळक आणि ‘ख्रिस्तायन’

मराठी वाङ्मयेतिहासात लक्ष्मीबाई टिळकांचे स्थान ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राने निश्चित झाले आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची गणना मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत होते आणि त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. या कीर्तीचा एक परिणाम मात्र असा झाला की, त्यांच्या हातून घडलेले दुसरे मोठे काम अभ्यासकांच्या नजरेआड राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. प्रारंभीचे दहा-अकरा अध्याय टिळकांचे आहेत. त्यापुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. तरीही ‘ख्रिस्तायन’ म्हटले की वाचकाच्या मनात टिळकांचेच नाव प्रथम येते आणि लक्ष्मीबाईंचा उल्लेख पतीचे अपुरे कार्य तडीस नेणारी पत्नी एवढ्यापुरता होतो. अध्यायांचे गणित पाहिले तरी ही मांडणी तपासून घेण्याची गरज स्पष्ट होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, पाळण्यातले नाव मनकर्णिका. घरी त्यांना मनू म्हणत. त्यांच्या मातामहांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले त्याने साऱ्या घराचा ताबा घेतला. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, असा तो संसार होता. ‘स्मृतिचित्रे’त या प्रकाराचे वर्णन विनोदाच्या अंगाने येते, परंतु त्या विनोदाखाली लहान मुलांचा व त्यांच्या आईचा किती छळ दडला आहे, हे सावध वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पाणी, स्पर्श आणि विटाळ यांचा हा बालपणीचा अनुभव पुढे त्यांच्या ख्रिस्तचरित्राच्या संदर्भात आठवावा लागतो.

शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुलीने लिहावे-वाचावे अशी ती घरे नव्हती. पोथ्या, कहाण्या, जात्यावरच्या ओव्या आणि कीर्तने यांतून कानांवर जे पडे, तेच त्या काळच्या मुलींचे शिक्षण असे. नाशिक परिसरात या श्रवणाला रामकथेची विशेष जोड होती. पंचवटी, तपोवन ही गावालगतची ठिकाणेच रामायणातली! पुढे ज्या काव्याचे नाव ‘रामायणा’च्या धर्तीवर ‘ख्रिस्तायन’ ठेवले गेले, त्याच्या दोन्ही कर्त्यांची जडणघडण याच गावात व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई कविता करीत. वडील तापट होते. आईच्या मृत्यूनंतर मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये मनकर्णिकेचा त्यांच्याशी विवाह झाला व ती लक्ष्मी झाली. वधूचे वय त्या वेळी बारा वर्षांच्या आत होते. टिळक विद्वान, शीघ्रकवी आणि विलक्षण अस्थिर प्रकृतीचे होते. न सांगता निघून जावे, हातची नोकरी सोडावी, घरातले असेल नसेल ते देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. या भ्रमंतीत लक्ष्मीबाईंचे दिवस कधी माहेरी, कधी सासरी, कधी बहिणीकडे गेले. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. मात्र त्या गुरुशिष्यांचे फारसे जमले नाही, हे खुद्द शिष्येनेच पुढे रंगवून सांगितले आहे.

नागपूरला असताना टिळकांनी वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले, ‘ऋषी’ हे मासिक चालविले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. आरंभी केवळ जिज्ञासेने हाती घेतलेल्या या ग्रंथात, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर, टिळक गुंतून पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आधी विश्वासात न घेता ही गोष्ट घडली होती. लहानग्या दत्तूला घेऊन त्या मागे राहिल्या. पुढची काही वर्षे त्यांनी थोरल्या बहिणीच्या आधाराने पंढरपूर व अन्यत्र काढली. ज्या ग्रंथामुळे संसार मोडला त्याच ग्रंथाचे कथानक याच स्त्रीने पुढे चौसष्ट अध्यायांत सांगावे, या घटनेचे वजन केवळ पतिभक्ती या शब्दाने उचलले जात नाही.

त्यांनी धर्मांतर केले तेही पतीमागोमाग म्हणून नव्हे. त्या टिळकांकडे परत आल्या त्या हिंदू राहूनच. वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे-ओवळे सारे पाळून त्या काही काळ टिळकांबरोबर राहिल्या, आणि टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडविला. त्याचे उत्तर मिळाल्यावर प्रथम गेले ते सोवळे, बाप्तिस्मा त्यानंतरचा. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी दीक्षा घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. जलालपूरच्या घरात पाण्याने जे बांधले होते, ते येथे विचाराने सुटले.

यानंतरची वर्षे अहमदनगर व राहुरी परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेली. दुष्काळातील अनाथ मुले, प्लेगच्या साथीतील रुग्ण, घरी आश्रयाला येणारे विद्यार्थी व कवी यांच्या व्यवस्थेचा भार बव्हंशी लक्ष्मीबाईंवर असे. बालकवी ठोमरे याच घरात काही काळ राहिले. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. लक्ष्मीबाई सभांतून बोलू लागल्या, कीर्तने करू लागल्या. श्रोत्यांसमोर उभे राहून कथा सांगण्याचा हा सराव ‘ख्रिस्तायना’ची खरी पूर्वतयारी ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

टिळकांना ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राची आवश्यकता का वाटली, हे समजून घेण्यासाठी मराठी बायबलाची परंपरा पाहावी लागते. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत आणला. ती भाषा पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटे. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले व १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर त्याची सुधारणा होत राहिली आणि तीत बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकाचा मोठा वाटा होता. म्हणजे टिळकांच्या पिढीला शास्त्र मराठीत मिळाले होते. उणीव होती ती ते मराठी कानाला आपले वाटण्याची. गद्य भाषांतर मूळ संहितेच्या शब्दाला बांधलेले असते. त्याची वाक्यरचना कोणत्या भाषेतून आली हे लपत नाही. ज्या समाजाने ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, श्रीधराचे ‘हरिविजय’ व ‘रामविजय’ ऐकत धर्म जाणला, त्याच्यासाठी धर्मकथेचे स्वाभाविक वाहन ओवी हेच होते. हे ओळखणारे टिळक पहिले नव्हेत. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच ‘ख्रिस्तपुराण’ रचून ते दाखवून दिले होते. पण ते रोमन लिपीत छापलेले पुराण महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत पोहोचले नव्हते.

याच काळात केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई बायबलाचे स्वतंत्र भाषांतर करीत होत्या. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून, सामान्य स्त्रीला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी ते केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. रमाबाईंनी हिंदू धर्मकल्पनांचे ओझे वाहणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. टिळकांची दिशा नेमकी उलटी होती. अभंग, ओवी, कीर्तन आणि संतांची परिभाषा यांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे जाता येते, अशी त्यांची धारणा होती. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने परंपरेची भाषा नाकारावी आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ती पुढे चालवावी, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. एवढे खरे की, परंपरेतील शब्दांचे जे तत्त्वज्ञानात्मक ओझे रमाबाईंना जाणवत होते, ते लक्ष्मीबाईंना जाणवण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापाशी ती भाषा ग्रंथांतून आली नव्हती. घरातून आली होती.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकार करण्याच्या प्रयत्नाला लागले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. चरितार्थासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. पुढे काही काळ त्या मुलाबरोबर कराचीस होत्या. घरात अपुरे ‘ख्रिस्तायन’ पडले होते.

हे काव्य पुढे नेणे म्हणजे नेमके काय करणे होते, याचा विचार क्वचितच झाला आहे. टिळकांचा भाग प्रारंभीचा. त्यामुळे येशूच्या जनसेवेचा विस्तीर्ण भाग, अखेरचा आठवडा, वधस्तंभ व पुनरुत्थान यांचे निवेदन लक्ष्मीबाईंकडे आले. शुभवर्तमाने चार आहेत. एकच प्रसंग तीन वा चार ठिकाणी भिन्न क्रमाने व भिन्न तपशिलांनी येतो, काही प्रसंग एकाच ठिकाणी येतात. सलग ओवीबद्ध चरित्र रचणाऱ्याला या चौघांच्या कथनातून एक कालक्रम लावावा लागतो, कोणता तपशील ठेवायचा व कोणता सोडायचा हे ठरवावे लागते. भाषांतरकारावर ही जबाबदारी नसते. म्हणजे येथे केवळ वृत्तरचनेचे कौशल्य पुरेसे नव्हते; चारही शुभवर्तमानांचे बारकाईने वाचन आवश्यक होते. जिला अक्षरे गिरवायला पतीने बसविले आणि जिने त्यात पुष्कळ टंगळमंगळ केली, त्या स्त्रीने हे केले.

शुभवर्तमानांची सामग्रीही त्यांच्या अनुभवाला जवळची होती. पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, स्वयंपाकघरात राबणारी मार्था आणि गुरुचरणांशी बसलेली मरिया: ही सारी घरातली चित्रे आहेत. योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा तर विटाळाचीच कथा आहे. यहुदी पुरुष परक्या जातीच्या स्त्रीकडे पाणी मागतो आणि ती चकित होते. जलालपूरच्या घरात वाढलेल्या व राहुरीस वेगळे पाणी भरलेल्या लक्ष्मीबाईंना या प्रसंगाचा अर्थ भाष्यग्रंथातून समजून घेण्याची आवश्यकता नव्हती. पाश्चात्त्य टीकाकार ज्याला सामाजिक पार्श्वभूमी म्हणतात, ती त्यांची पूर्वायुष्याची रोजची दिनचर्या होती.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र सारख्या उंचीवर राहते असा दावा करणे योग्य होणार नाही. इतक्या दीर्घ रचनेत निवेदन जागोजागी सपाट होणे अटळ असते, आणि शास्त्रवचनाशी इमान राखण्याच्या बंधनामुळे कवीची कल्पना फार दूर जाऊ शकत नाही. ‘स्मृतिचित्रे’तील गद्याची मोकळीक ओवीत मिळत नाही, हेही मान्य करावे लागेल. तथापि या दोन कृतींची तुलना करताना त्यांच्या उगमातील साम्य दुर्लक्षिले जाते. ‘स्मृतिचित्रे’चे लेखन सुरू झाले ते पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून, टिळकांच्या चरित्राला आठवणींचे साहाय्य व्हावे म्हणून. ‘ख्रिस्तायन’ हातात आले ते टिळकांचा संकल्प पुरा व्हावा म्हणून. दोन्ही ठिकाणी विषय टिळकांचा, निमित्त टिळकांचे. आणि दोन्ही ठिकाणी लेखन पुढे जाता जाता लक्ष्मीबाईंचे झाले. पहिल्या बाबतीत मराठी समीक्षेने हे मोकळेपणाने मान्य केले. दुसऱ्या बाबतीत ती अद्याप टिळकांच्या चरित्रग्रंथांतील परिशिष्टापुढे गेलेली नाही. धर्मकाव्य हा विसाव्या शतकातील समीक्षेला काहीसा अवघडल्यासारखा वाटणारा विषय, आणि ख्रिस्ती धर्मकाव्य तर त्याहून अधिक. हे त्याचे एक कारण असावे.

अखेरची वर्षे लक्ष्मीबाईंनी नाशिकला काढली. जलालपूर तेथून हाकेच्या अंतरावर. ज्या गोदाकाठी बारा वर्षांच्या आतल्या मनूचे लग्न लागले, तेथेच आत्मचरित्राचे भाग एकामागून एक बाहेर पडत असलेले त्यांनी पाहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’ अपुरीच राहिली व पुढे देवदत्तांनी पुरवणी जोडून ती संपूर्ण केली. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तोपर्यंत टिळकांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि लक्ष्मीबाईंना दोन.