मजूरमंत्री आंबेडकर आणि कलकत्ता

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशातील विद्यापीठांतून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या स्मरणार्थ सभा भरतात. कोलकात्यातील शिक्षणशास्त्राच्या राज्य विद्यापीठास तर आज त्यांचेच नाव आहे. अशा सभांतून त्यांचा गौरव होतो तो मुख्यत्वे घटनेचे शिल्पकार व दलितांचे उद्धारक म्हणून. कामगारांचे नेते आणि मजूरमंत्री म्हणून त्यांनी वेचलेली वर्षे बहुधा चार-दोन वाक्यांत आटोपली जातात. वस्तुतः या भूमिका परस्परांहून वेगळ्या नव्हत्या. आणि मजूरखात्याकडून घटना समितीकडे जाण्याची त्यांची वाट ज्या नगरातून गेली, ते नगर कलकत्ता होय.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. परंतु श्रमिकांचे जिणे त्यांना केवळ ग्रंथांतून कळले असे नव्हे. मुंबईत परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालयही परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. भोवताली गिरण्या होत्या, आणि त्या गिरण्यांतही जातिभेद नांदत होता. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक मिळे; पण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना ते खाते बंद होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. मालकाशी लढणारा कामगार शेजारच्या कामगारास अस्पृश्य मानीत असेल, तर त्या लढ्याची एकजूट अपुरीच राहणार, असे त्यांचे म्हणणे होते.

याच विचारातून १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष जन्मास आला. १९३७ साली आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक आणले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे श्रमिकांचे दोन शत्रू सांगितले. तेथे ब्राह्मणशाही या शब्दाने त्यांना कोणतीही एक जात अभिप्रेत नव्हती, समतेचा आणि बंधुभावाचा अभाव अभिप्रेत होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवून आणला.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांची मजूरमंत्री म्हणून नेमणूक झाली. संपाचा पुरस्कर्ता युद्धकाळातील सरकारात बसला, ही गोष्ट अनेकांना खटकली. त्या पदावरून त्यांनी पुष्कळ साधले: सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांचा पाया घट्ट झाला, खाणकामगारांसाठी कल्याणनिधी उभा राहिला, खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा सुधारला गेला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

परंतु याच पदाने त्यांच्यापुढे एक कठीण प्रसंगही उभा केला. स्त्रियांनी भूगर्भातील खाणीत काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धामुळे कोळशाची टंचाई भासताच १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. त्या वर्षी डिसेंबरात आंबेडकर झरियाच्या परिसरातील कोळसाखाणी पाहावयास गेले आणि स्वतः खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर कडाडून टीका झाली, तेव्हा तो आणीबाणीतील तात्पुरता उपाय आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे समर्थन त्यांनाच करावे लागले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. चरित्रकारांनी हा प्रसंग वगळण्याचे कारण नाही. कारण सत्तेत राहून श्रमिकांचे हित साधण्याचे मोल काय असते, हे त्यावरूनच कळते.

मजूरखात्याकडे वीज व पाटबंधारे हेही विषय होते आणि त्यांनीच आंबेडकरांना कलकत्त्यास आणले. जुलै १९४३ मधील दामोदर नदीच्या महापुराने रेल्वेमार्ग वाहून जाऊन कलकत्त्याची वाहतूक खंडित झाली होती. बंगालमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ चालू होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या सचिवालयात बंगाल, बिहार व मध्यवर्ती सरकार यांच्या प्रतिनिधींची परिषद आंबेडकरांच्या पुढाकाराने भरली. नदीला केवळ बांध घालून अडवू नये. पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, आणि त्याचे फळ दारिद्र्यात पिचलेल्या जनतेच्या पदरी पडावे, अशी भूमिका त्यांनी तेथे मांडली. ऑगस्टमध्ये दुसरी परिषदही याच नगरात भरली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर आखलेल्या या योजनेतून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. पुढे बांधलेल्या धरणांखाली अनेक गावे गेली, त्यांत आदिवासींची गावेही होती. श्रमिकांच्या हितासाठी योजिलेल्या कार्याचा भार श्रमिकांवरच पडावा, हे त्या इतिहासातील शल्य आहे.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. मुंबई विधिमंडळातून घटना समितीवर निवडून जाण्याइतके बळ त्यांच्यापाशी उरले नाही. अशा वेळी बंगालच्या विधिमंडळात फेडरेशनचे एकमेव प्रतिनिधी असलेले जोगेंद्रनाथ मंडल पुढे सरसावले. पूर्व बंगालच्या नामशूद्र समाजातून आलेल्या मंडलांनी इतर दलित सदस्यांची मते मिळवली आणि जुलै १९४६ मध्ये कलकत्त्यात झालेल्या मतदानात आंबेडकर घटना समितीवर निवडून आले. स्वतःच्या प्रांताने नाकारलेल्या माणसास परप्रांतातील उपेक्षितांनी राष्ट्राच्या सभेत बसवले.

वर्षभरात बंगालची फाळणी झाली आणि ही जागा गेली. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने, जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट रोजी मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूरमंत्री झाले; १९५० मध्ये तेथील अल्पसंख्याकांच्या छळाने व्यथित होऊन राजीनामा देऊन ते कलकत्त्यास परतले. आंबेडकरांनीही १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून नेहरूंचे मंत्रिमंडळ सोडले.

मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत हे घटनेतच नमूद व्हावे, अशी मागणी आंबेडकरांनी १९४७ मध्ये केली होती. ती मान्य झाली नाही. वेठबिगारीस आणि धोक्याच्या कामांतील बालमजुरीस मनाई करणारी २३ व २४ ही कलमे मूलभूत हक्कांत आली. मात्र समान कामास समान वेतन, कामाची माणुसकीची परिस्थिती व प्रसूतिसाहाय्य, आणि निर्वाहवेतन ही ३९, ४२ व ४३ या कलमांतील तत्त्वे न्यायालयाकडून बजावून घेता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. राजकारणात समता आणि अर्थजीवनात विषमता ही विसंगती लोकशाहीस मारक ठरेल, असा इशारा नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी दिला, तो त्या अपुरेपणाच्या पूर्ण जाणिवेने.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतिसभांतून घटनेचे वाचन होते, ते योग्यच आहे. मात्र त्या कलमांमागे परळच्या चाळीतील कामगार, झरियाच्या खाणीत उतरलेली स्त्री आणि दामोदरच्या पुराने उद्ध्वस्त झालेला शेतकरी उभे आहेत. त्यांना दिलेले वचन जोवर पुरे होत नाही, तोवर घटनाकारांचे स्मरण मजूरमंत्र्याच्या स्मरणावाचून अपुरेच राहील.