तारणाची किंमत : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन



'तारण' हा शब्द आपण दोन ठिकाणी ऐकतो. एक चर्चमध्ये आणि दुसरा बँकेत किंवा गावच्या सोसायटीत. कर्ज काढायचे तर काहीतरी तारण द्यावे लागते. गहाण पडलेले शेत परत हवे असेल तर कोणीतरी पैसे भरून ते सोडवावे लागते. समजा, सावकाराने मोठ्या मनाने कर्ज माफ केले, तरी पैसे बुडतात ते त्याचेच. म्हणजे कर्ज फिटो किंवा माफ होवो, त्याची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते.

क्षमेचेही तसेच आहे. आपण सहज म्हणतो, जाऊ द्या, माफ करून टाका. पण ज्याला माफ करायचे असते त्याला विचारा, ते किती जड जाते. क्रुसावर प्रभू येशूने आपल्या पापांची क्षमा केली ती फुकटात नाही, स्वतःचे रक्त देऊन. त्याग, क्षमा आणि तारण हे तीन वेगळे विषय नाहीत. ती एकाच क्रुसाची गोष्ट आहे.

ही गोष्ट घरसंसारात कशी दिसते, हे समजून घेण्यासाठी आपल्याच जिल्ह्यात राहिलेल्या एका बाईंचे जीवन आज पाहू या. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. त्या आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत ते होते. पण टिळकांची भजने आज मराठी ख्रिस्ती माणूस पंथ न विचारता गातो, आणि लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तर साऱ्या महाराष्ट्राने आपले मानले आहे.

सोवळ्याच्या घरातील मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या संदर्भात फाशी झाली होती. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांनी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक केला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. शिवाशिवीच्या या धाकात मनू लहानाची मोठी झाली.

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा अठरा वर्षांचा. नारायण वामन टिळक हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. बुद्धीने तल्लख, हाडाचे कवी, मनाने उदार, पण स्वभावाने तापट आणि लहरी. एका गावी आणि एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. खिशात पैसा राहत नसे. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे रोजचीच परीक्षा. मात्र याच नवऱ्याने बायकोला लिहायला-वाचायला शिकवले, हेही विसरता येत नाही. पुढे त्याच अक्षरांनी लक्ष्मीबाईंना तारले.

१० फेब्रुवारी १८९५

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात टिळकांची एका युरोपियन गृहस्थांशी भेट झाली आणि त्यांनी टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळक मुळातच सत्याच्या शोधात होते. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण पत्नीला विश्वासात न घेता त्यांनी हे पाऊल उचलले. बातमी नाशिककडे येऊन पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू पदरात होता. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळाला कुंकू, पण संसार नाही. त्या काळात अशा बाईला ना सधवेचा मान होता, ना विधवेची सहानुभूती.

येथे आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. टिळकांचा विश्वास खरा होता. त्यासाठी त्यांनी घर, जात, नातीगोती, सारे सोडले. पण त्यांच्या त्यागाची अर्धी किंमत दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागली, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. आपण देवासाठी काही सोडतो तेव्हा त्याचा भार घरातल्या कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताने स्वतःला विचारावा.

वाट पाहण्याची वर्षे

पुढची साडेचार-पाच वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर राहिल्या. नाशिकला, पंढरपूरला, नातेवाइकांच्या आधाराने. ही माणसे हिंदू होती. टिळकांचा त्यांना राग होता, तरी त्यांनी या मायलेकरांना उघड्यावर टाकले नाही. त्यांच्या या माणुसकीचे ऋण आपणही मानले पाहिजे. याच दुःखात लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागली.

तिकडे टिळकही वाट पाहत होते. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला येत नसेल तर न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची सोय होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पत्रे लिहीत राहिले, निरोप पाठवत राहिले. उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने आयुष्यात एवढा धीर दुसऱ्या कशासाठी धरला नसेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप वाटेकडे डोळे लावून बसतो, हे आपण जाणतो. या घरात दोघेही एकमेकांची वाट पाहत होते आणि पहिले पाऊल कोणी टाकायचे हा प्रश्न होता.

नगर आणि राहुरी

शेवटी पाऊल लक्ष्मीबाईंनी उचलले. दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. टिळक तेथे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत होते. पण आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचे सोवळे कायम होते. स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे. टिळकांनी ते मान्य केले. ज्या धर्मासाठी त्यांनी सर्व सोडले होते, तो पत्नीवर लादायचा नाही हे त्यांनी ठरवले होते. त्यांच्या पहिल्या चुकीचे हे प्रायश्चित्तच म्हणावे लागेल.

मग राहुरीचे दिवस आले. तेथे लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार पक्का होत गेला. सगळी माणसे सारखीच जन्मतात, सारखीच मरतात. मग हा उच्चनीचतेचा भेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता तर तो शरीरावर दिसला असता. उत्तर मिळाले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ज्या घरात बाजारातली वस्तूही धुऊन घेत, त्या घरातली ही मुलगी! तिच्यासाठी परक्या हातचा घोटभर पाणी हा फार मोठा त्याग होता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत त्या प्रभूकडे आल्या.

भरलेले घर

तो काळ १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाचा होता. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी माणसे आणि जनावरे रस्त्यावर मरून पडली. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली. त्यांची जात कोणी विचारली नाही. लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. ज्या बाईला एकट्या दत्तूला घेऊन दुसऱ्यांच्या दारी राहावे लागले, तिचे दार आता दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उघडे होते.

पुढे नगरच्या याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. निसर्गाची एवढी सुंदर कविता लिहिणारा हा तरुण लक्ष्मीबाईंच्या मायेखाली वाढला. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. घरातले प्रेम त्यामुळे कमी झाले नाही.

टिळकांना १९०४ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा एकदा त्याग आला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक प्रभूच्या स्वाधीन झाले.

अपुरे राहिलेले काव्य

टिळकांचे एक मोठे स्वप्न अपुरे राहिले होते. प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र त्यांना मराठी ओवीत गायचे होते. आपल्या कॅथलिक परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' देऊन ही वाट घातलीच होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले, पण दहाएक अध्याय झाले आणि ते गेले.

पुढे ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि तब्बल चौसष्ट अध्याय लिहिले. एके काळी ख्रिस्ताच्या नावाने त्यांचा संसार मोडला होता. त्याच ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान त्यांनी ओवीबद्ध केले, तेही पतीने शिकवलेल्या अक्षरांनी. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. लक्ष्मीबाईंनी काही लपवलेले नाही. नवऱ्याचा राग, लहरीपणा, उपासमार, एकटेपण, सारे सांगितले आहे. पण सांगताना त्या हसतात. कडवटपणा कुठे नाही. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, किंवा जे चुकले ते बरोबर होते असे म्हणणेही नव्हे. क्षमा म्हणजे हिशेबाची वही उघडून, त्यातली प्रत्येक रक्कम ओळखून, ती वसूल न करण्याचे ठरवणे.

आपल्यासाठी

१८९५ ते १८९९ ही वर्षे लक्ष्मीबाईंना परत मिळाली नाहीत. पण ती वाया गेली असेही झाले नाही. अनाथांची आई, बालकवींची आधारवड, 'ख्रिस्तायन'ची कवयित्री त्या दुःखातूनच घडली. देव तारण करतो म्हणजे झालेले पुसून टाकतो असे नाही; तो गहाण पडलेले आयुष्य सोडवून आणतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच.

आपल्या तारणाची किंमत प्रभूने एकदाच आणि पूर्ण भरली आहे. पवित्र मिस्सामध्ये आपण त्याच बलिदानात सहभागी होतो. पण शांतिदानाच्या वेळी शेजाऱ्याचा हात हातात घेताना घरातल्या कोणाशी आपण बोलत नाही, हे आठवू या. बांधावरून भावाशी धरलेला अबोला, लग्नात मान दिला नाही म्हणून तुटलेली सोयरीक, माहेरी जाऊन राहिलेली सून. यात किंमत कोण भरणार? प्रत्येकजण समोरच्याकडे बोट दाखवतो. या आठवड्यात निदान एका घराने ती किंमत स्वतः भरायचे ठरवावे. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी एखाद्या दारावर जाऊन यावे.

हे प्रभू येशू, तू आमचे देणे स्वतः फेडलेस. आमच्या घरात जिथे हिशेब अडून राहिला आहे, तिथे पहिले पाऊल टाकण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.