पिवळ्या लादीचा जनक

रेल्वेच्या फलाटावर, काठापासून थोड्या आत, उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. मीरा रोड किंवा भाईंदरहून मुंबईला जाणाऱ्यांच्या पायांखाली ती कुठे ना कुठे येतेच. पुष्कळांना ती नुसती शोभा वाटते. खरे म्हणजे ती अंधांसाठी केलेली खूण आहे. ही युक्ती सेइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांची.

मियाके यांचा जन्म १९२६ साली जपानमधील ओकायामा प्रांतात झाला. ते प्रवाशांसाठी विश्रामगृह चालवीत. नवनवीन वस्तू तयार करण्याचा मात्र त्यांना भारी छंद.

एकदा चौकात त्यांना पांढरी काठी घेतलेला एक माणूस दिसला. त्याच्या अगदी जवळून एक वाहन भरधाव निघून गेले. मियाके यांच्या काळजात धस्स झाले. त्यांचे परिचित इवाहाशी यांचीही दृष्टी गेली होती. शेवाळ कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, हे अंध माणसाला बुटातूनही कळते, असे मियाके यांना त्यांच्याकडून समजले. मग रस्त्याची खूण पावलांनाच का देऊ नये?

१९६५ साली, धाकटा भाऊ साबुरो याच्या मदतीने, त्यांनी गोल उंचवट्यांची लादी तयार केली. ब्रेल लिपीतही असेच ठिपके असतात, म्हणून जपानी लोक तिला ब्रेल-लादी म्हणतात. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळील चौकात अशा २३० लाद्या बसवल्या गेल्या. जगातील ही पहिलीच वेळ! पण पुढे मागणी येईना. मियाके यांनी पदरचे पैसे घातले, लाद्या फुकट दिल्या. निव्वळ नफा पाहणाऱ्याने केव्हाच हात टेकले असते. १९७० साली ओसाकातील आबिकोचो स्थानकाच्या फलाटावर त्या बसल्या. मग इतर स्थानकांनी आणि हळूहळू इतर देशांनीही त्या स्वीकारल्या.

गोल ठिपके लागले की थांबायचे, लांब रेषा लागल्या की त्या दिशेने चालायचे. पिवळा रंग अंधूक दिसणाऱ्यांनाही ओळखता येतो.

१९८२ साली मियाके वारले. आज मुंबईच्या मेट्रो स्थानकांतही या लाद्या आहेत. पदपथांवर मात्र कधी ही रांग सरळ विजेच्या खांबापाशी जाते, तर कधी तिच्यावर कोणी मोटारसायकल उभी करून ठेवलेली असते. लादीवर भरवसा ठेवून चालणारा माणूस तिथेच आपटतो.