सर जोसेफ बारक्रॉफ्ट

पेडगावच्या शिवारात चरणारी गाभण मेंढी हे आपणांस नित्याचे दृश्य आहे. परंतु तिच्या उदरातील कोकराला प्राणवायू कसा पोचतो, हा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्या शास्त्रज्ञाने त्या प्रश्नासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, ते सर जोसेफ बारक्रॉफ्ट होत.

त्यांचा जन्म २६ जुलै १८७२ रोजी आयर्लंडमधील न्यूरी गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. केंब्रिज येथे शिक्षण संपवून ते तेथेच शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासात रमले. रक्तातील हीमोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसांत प्राणवायू धरते व अवयवांत तो सोडते. फार घट्ट धरणारे रक्त सोडताना कृपण होते. फार सैल धरणारे विरळ हवेत पुरते भरतच नाही. कोणत्या प्राण्याच्या रक्ताने किती घट्ट धरावे, ह्यातच सारी खुबी आहे.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा अभ्यास करताना ते एका कुत्र्यासह हायड्रोसायनिक वायूच्या कोठडीत शिरले. कुत्रा थोड्याच वेळात कोसळला. बारक्रॉफ्ट आपल्या पायांनी बाहेर आले. (कुत्राही दुसऱ्या दिवशी जिवंत आढळला, हे वाचून बालवाचकांस बरे वाटेल.) एकाच हवेत दोन सस्तन प्राण्यांची गत किती निराळी होते, हे त्यांनी स्वतःच्या जिवावर पाहिले.

उंच पर्वतावर फुप्फुसे स्वतः जोर लावून रक्तात प्राणवायू ढकलतात, असे हॉल्डेन ह्यांचे मत होते. ते पारखण्यासाठी १९२० साली बारक्रॉफ्ट सहा दिवस काचेच्या खोलीत राहिले. आतील प्राणवायू हळूहळू कमी केला गेला, आणि शेवटी त्यांनी हाताची धमनी उघडून रक्त तपासू दिले. हॉल्डेन ह्यांच्या मतास त्यातून आधार मिळाला नाही. तरीही समाधान न होऊन १९२१-२२ च्या हिवाळ्यात ते पेरू देशातील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या सेरो दे पास्को येथे गेले. तेथेही निष्कर्ष तोच निघाला. त्याच अँडीज पर्वतातील लामा प्राण्याचे रक्त माणसाच्या रक्तापेक्षा प्राणवायू घट्ट धरते, हे पुढे इतरांनी दाखविले. उंदराचे रक्त त्याउलट तो सहज सोडते, कारण त्या चिमुकल्या देहाची भूक मोठी. हत्तीचे मात्र घट्ट धरते.

१९३० नंतर बारक्रॉफ्ट शेळ्यामेंढ्यांच्या गर्भाकडे वळले. गर्भाला मिळणारा प्राणवायू इतका तुटपुंजा, की त्याची स्थिती त्यांना अत्युच्च शिखरावरील माणसासारखी भासली. परंतु गर्भाचे रक्त मातेच्या रक्ताहून घट्ट पकडीचे असते. म्हणून ते मातेकडून प्राणवायू ओढून घेते. मानवात हे साधते ते रक्तपेशींतील डीपीजी नामक एका द्रव्यामुळे : ते मातेच्या हीमोग्लोबिनची पकड सैल करते, गर्भाच्या हीमोग्लोबिनवर त्याचा प्रभाव थोडा. मेंढीत मात्र गर्भाचे हीमोग्लोबिन मुळातच निराळे व घट्ट पकडीचे असते. हेतू एकच, पण युक्ती वेगळी! डीपीजीचे हे कार्य १९६७ साली उघड झाले, ते पाहावयास बारक्रॉफ्ट नव्हते.

१९३५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली व १९४३ साली रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक. गर्भावस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला आणि २१ मार्च १९४७ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.