हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) : जखमींचा आधार

इस्लामच्या आरंभीच्या लढायांतील शूरांची नावे आपण मुलांना सांगतो. त्या शूरांच्या जखमा ज्यांनी धुतल्या व बांधल्या, त्यांचेही नाव सांगितले पाहिजे.

हजरत रुफैदा (रजि.) अस्लम कबिल्यातील होत्या. जखमांवर उपचार करण्याचे ज्ञान त्यांना होते. मदीनेत मस्जिदे नबवीच्या आवारात त्यांचा तंबू असे. ज्या जखमी मुसलमानांकडे पाहणारे कोणी नव्हते, त्यांची सेवा त्यांनी केवळ अल्लाहकडून मोबदला मिळावा म्हणून पत्करली होती.

हिजरी सन ५ (इ.स. ६२७) मध्ये खंदकाच्या लढाईत औस कबिल्याचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. आदरणीय प्रेषित (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवण्याचा आदेश दिला, म्हणजे जवळून विचारपूस करता यावी. जाता-येता, सकाळी व संध्याकाळी, प्रेषित (स.) त्यांची प्रकृती विचारीत. जखम भरत आली होती, परंतु ती पुन्हा फुटली आणि सअद (रजि.) अल्लाहच्या भेटीस गेले.

रुग्ण वाचला नाही, तरी त्याच्या उशाशी केलेली सेवा वाया गेली नाही. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे. शुश्रूषा आपल्या हाती आहे.

विचार करा, मस्जिदीच्या अगदी आवारात आजाऱ्यांना जागा होती. आज आपल्या मस्जिदीच्या शेजारी असा कोण आजारी आहे, ज्याचे कोणी नाही? नमाज आटोपून घरी परतण्यापूर्वी त्याच्या दारी जा.