इंपीडन्सला नाव देणारे ऑलिव्हर हेविसाइड

हौशी रेडिओ केंद्र चालविणारे अर्ध्या तरंगलांबीची तार एका टोकाशी जोडतात, तेव्हा तेथील इंपीडन्स सुमारे अडीच हजार ओहम असतो. प्रक्षेपकाला मात्र ५० ओहम हवे असतात. अशा वेळी एकास सात वेढ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर उपयोगी पडतो. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे इंपीडन्सचे गुणोत्तर. म्हणून ५० चे २४५० होतात. जुळणी चुकली तर लहरींचा काही भाग मागे परततो. या विचाराचा पाया ज्यांनी घातला आणि १८८६ मध्ये ‘इंपीडन्स’ हा शब्द दिला, ते ऑलिव्हर हेविसाइड.

त्यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅमडेन टाउनमध्ये गरीब घरात झाला. बालपणी आलेल्या तापाने ऐकू कमी येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे डेन्मार्क व न्यूकॅसल येथे त्यांनी तारयंत्र चालविण्याची नोकरी केली. १८७४ मध्ये ती सोडल्यावर पुन्हा कधीही नोकरी धरली नाही. मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरील ग्रंथ त्यांनी घरीच बसून आत्मसात केला आणि त्यातील समीकरणांना आज शिकविले जाणारे चार समीकरणांचे सुटसुटीत रूप दिले.

लांब तारेतून जाणारा संदेश विकृत होऊ नये, यासाठी तारेचे प्रेरकत्व वाढवावे, असे त्यांनी १८८७ मध्ये गणिताने सिद्ध केले. तारेच्या टोकाशी योग्य रोध जोडला तर लहर परत न फिरता तेथेच शोषली जाते, हेही त्यांनी दाखविले. परंतु टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी विल्यम प्रीस यांना प्रेरकत्व घातक वाटे. त्यांनी हेविसाइड बंधूंचा निबंध प्रसिद्ध होऊ दिला नाही. पुढे १९०० मध्ये त्याच तत्त्वावरील पेटंट अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांना मिळाले. पैसा त्यांच्याकडे गेला. हेविसाइड मात्र १८९६ पासून मिळणाऱ्या वर्षाकाठी १२० पौंडांच्या सरकारी निवृत्तिवेतनावर दिवस काढीत राहिले.

मानसन्मान आले, पण संथपणे. १८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९०२ मध्ये त्यांनी वातावरणात उंचावर विद्युतवाहक थर असावा असे सुचविले. दूरचे रेडिओ संदेश त्यावरूनच परावर्तित होतात. १९२२ मध्ये पहिले फॅरेडे पदक त्यांना लाभले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले.

आज तारेवर वेढे मोजणाऱ्या हौशी मंडळींना त्यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही; त्यांचा शब्द मात्र प्रत्येकाच्या तोंडी आहे.