काचेची बँक

बँक म्हटली की जाड भिंती, लोखंडी गज आणि दाराशी बंदूकधारी पहारेकरी असेच चित्र डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतही पूर्वी बँका ग्रीक देवळांसारख्या, दगडी खांबांच्या असत. पैसा सुरक्षित आहे, हे लोकांना भिंतींनी पटवायचे! हे चित्र बदलणाऱ्या वास्तुशिल्पकारांपैकी गॉर्डन बन्शाफ्ट हे एक प्रमुख नाव.

त्यांचा जन्म १९०९ साली बफेलो शहरात झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. एम. आय. टी.मध्ये वास्तुशास्त्र शिकून ते शिष्यवृत्तीवर युरोप हिंडले आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कला स्किडमोर यांच्या कार्यालयात लागले. १९५२ च्या लीव्हर हाऊस या काचेच्या इमारतीने त्यांचे नाव झाले.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीची शाखा उघडली. मूळ कल्पना कार्यालयातील सहकारी चार्ल्स एव्हान्स ह्यूझ यांची. बन्शाफ्ट यांनी ती तडीस नेली. भिंतींच्या जागी काच आली. छतभर उजेड पसरला. आणि एरवी तळघरात दडवायची ती तिजोरी रस्त्यालगतच्या काचेमागे आणून ठेवली! तिचे तीस टनांचे दार येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. सगळेच उघड्यावर असल्यावर चोराने लपायचे तरी कोठे?

मला या इमारतीचे मोल आमच्या अण्णांमुळे कळले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पीककर्जासाठी तालुक्याच्या बँकेत जाताना ते अजूनही वहाणा दाराबाहेर काढतात. आत कोण बसले आहे, ते काय विचारतील, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पाय अडखळतो. स्लिप आता मी भरतो, पण भीती माझ्याने भरून काढता येत नाही.

बन्शाफ्ट काचेचे आंधळे भक्त मात्र नव्हते. जेद्दा येथील नॅशनल कमर्शियल बँकेच्या १९८३ च्या इमारतीत त्यांनी वाळवंटातील उन्हासाठी बाहेरच्या भिंती बंद ठेवल्या आणि खिडक्या आतल्या मोकळ्या जागेकडे उघडल्या. १९८८ मध्ये ऑस्कर निमायर यांच्यासमवेत त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये ते वारले. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या त्या इमारतीतून बँक पुढे गेली व तेथे दुकान आले. पण १९९७ मध्ये तिचा बाह्यभाग आणि २०११ मध्ये अंतर्भाग संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाला.

काचेने कर्ज मिळत नाही, अक्षरही येत नाही. पण आत आपल्यासारखीच माणसे बसली आहेत, एवढे तरी ती दाराबाहेरच्या माणसाला दाखवते.